इरावतीबाई आणि कवटीच्या दोन बाजू

भोसरीच्या एखाद्या लहानशा वर्कशॉपमध्ये किंवा चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी पाच मिनिटे उभे राहिले, तरी मापनशास्त्राचा एक मूलभूत धडा विनासायास शिकता येतो. एकाच साच्यातून, एकाच पाळीत, एकाच कारागिराच्या हाताखालून निघालेले दोन सुटे भाग डोळ्यांना अगदी सारखे दिसतात; पण मायक्रोमीटर लावला की त्यांच्यात काही मायक्रॉनांचा फरक निघतोच. म्हणूनच ड्रॉइंगवर नुसते माप लिहून भागत नाही. त्या मापाच्या खालीवर किती फरक चालेल, म्हणजे कामगारांच्या भाषेत टॉलरन्स किती, हेही लिहावे लागते. पूर्ण सारखेपणा ही कल्पना आहे, वस्तुस्थिती नव्हे, हे पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील प्रत्येक टर्नर-फिटर जाणतो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण हा धडा सोयीस्करपणे विसरतो. अमक्या जातीचा आहे म्हणजे हिशेबात पक्का असणार, तमक्या प्रांतातून आला आहे म्हणजे अंगमेहनतीचाच असणार, हे निदान माणूस कारखान्याच्या दारात उभा असतानाच होऊन जाते. पूर्वी त्याला रक्ताचा गुण म्हणत. आता रक्ताच्या जागी जीन्स आणि डीएनए हे शब्द आले आहेत. पण शब्द बदलला म्हणून विचार बदलला असे होत नाही. जन्म माणसाला घडवतो तो किती, या प्रश्नाची कसोटी निसर्गानेच करून ठेवली आहे. ती म्हणजे एकाच फलित बीजापासून जन्मलेली, हुबेहूब दिसणारी जुळी भावंडे. या जुळ्यांचा अभ्यास ज्या संस्थेत शास्त्र म्हणून नावारूपाला आला आणि जेथे पुढे त्या शास्त्राने माणुसकीला काळिमा फासला, त्याच संस्थेत एका मराठी तरुणीने वेगळ्याच विषयावर मोजमापे घेऊन आपल्या गुरूच्या सिद्धांताला नकार दिला होता. तिचे नाव इरावती कर्वे. युगान्तच्या लेखिका म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. त्यांच्या आयुष्याचा बर्लिनमधील अध्याय मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही, आणि आज तोच आठवण्याची अधिक निकड आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे नोकरीस होते. त्या देशाच्या महानदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास हुजूरपागेत पाठवण्यात आले. तेथे शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली आणि त्या ओळखीतून रँग्लर परांजपे यांच्या घरात त्यांना दुसऱ्या मुलीचे स्थान मिळाले. ब्रह्मदेशात जन्म, कोकणस्थ कुळ, आणि वाढ एका बुद्धिवादी प्राचार्यांच्या घरी! जन्माने मिळालेले आणि संगतीने मिळालेले यांची वाटणी करू जाता ती किती अवघड होते, याचा अनुभव या मुलीने बालपणीच घेतला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे हे स्त्रीशिक्षणाच्या त्या महर्षींनाही रुचले नव्हते, असे सांगतात. दिनकररावांनी मात्र पत्नीला पाठवायचेच ठरवले. १९२८ च्या अखेरीस, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

त्या जेथे गेल्या ती संस्था त्या वेळी अगदी नवी होती. १९२७ साली बर्लिनच्या डालेम या उपनगरात कैसर विल्हेल्म संस्थेने मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजनन या तीन विषयांना वाहिलेले हे केंद्र उघडले होते. त्याचे संचालक ऑयगेन फिशर. जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतील वसाहतीत मिश्र विवाहांतून जन्मलेल्या मुलांची मापे घेऊन त्यांनी नाव कमावले होते. संस्थेतील मानवी आनुवंशिकतेचा विभाग ओटमार फॉन फेर्शुअर यांच्याकडे होता आणि त्या विभागाचे मुख्य साधन होते जुळी भावंडे.

हे साधन काय होते, ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. जुळी दोन प्रकारची असतात. मातेच्या उदरात एकाच वेळी दोन बीजांडे फलित झाली तर द्विबीज जुळी होतात. ती एका वेळी जन्मलेली साधी भावंडेच. त्यांच्यात सरासरीने निम्मी जनुके समान असतात. एकबीज जुळ्यांची गोष्ट निराळी आहे. तेथे एकच बीज फलित होते आणि पहिल्या काही दिवसांत त्याचे दोन भाग होऊन प्रत्येक भागापासून एक पूर्ण बालक घडते. द्विबीज जुळ्यांचे प्रमाण मातेच्या वयाप्रमाणे, घराण्याप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलते. एकबीज जुळी मात्र जगात सर्वत्र दर हजार बाळंतपणांत साधारण चार या प्रमाणात होतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७५ मध्येच जुळ्यांच्या आधारे निसर्ग आणि संगोपन यांचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला होता. १८८३ मध्ये युजेनिक्स हा शब्द घडवणारेही तेच. पुढे १९२४ मध्ये हेर्मान सीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी एकबीज जुळ्यांतील साम्य आणि द्विबीज जुळ्यांतील साम्य यांची पद्धतशीर तुलना केली. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात वाढतात. तेव्हा एकबीज जुळ्यांत जे साम्य अधिक दिसेल ते आनुवंशिकतेच्या खाती जमा करावयाचे, असा त्यामागचा तर्क. तर्क चतुर होता. दोष त्या तर्कापेक्षा त्यातून काढलेल्या निष्कर्षांच्या घाईत होता.

ही घाई केवळ जर्मनांचीच होती, असे समजण्याचे कारण नाही. सुप्रजाजननाचे वारे त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत जोरात वाहत होते आणि महाराष्ट्रातही पोचले होते. कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ साली याच विचाराचा पुरस्कार करणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. उत्तम बीजातून उत्तम प्रजा निपजवावी, हे सूत्र सुशिक्षितांना प्रगतीचे वाटत होते. इरावतीबाई बर्लिनला गेल्या त्या अशा वातावरणातून अशाच वातावरणात.

फिशर यांनी त्यांना जो विषय दिला तो जुळ्यांचा नव्हता. तो होता मानवी कवटीच्या असममितीचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. युरोपीय माणसाच्या कवटीत हा फरक अधिक असावा आणि त्याचा संबंध युरोपीयांच्या तथाकथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी असावा, असे गुरूचे अनुमान होते. शिष्येने ते मापांनी पडताळून पाहावयाचे होते. सुमारे दीडशे कवट्या इरावतीबाईंनी तपासल्या. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतींतून गोळा करून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या ज्यांच्या होत्या त्यांची किंवा त्यांच्या आप्तांची अनुमती कोणी विचारली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मापे पूर्ण झाल्यावर निष्कर्ष निघाला तो असा : असममिती सर्वच मानववंशांच्या कवट्यांत आढळते आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. आपल्या देशापासून हजारो मैल दूर असलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या, गुरूच्या हातून पदवी मिळावयाची असलेल्या एका विद्यार्थिनीने हे लिहून दिले. त्यात बंडाचा आवेश नव्हता. कॅलिपरने जे सांगितले ते कागदावर उतरवले, एवढेच. परंतु ज्या काळात अनेक नामवंत शास्त्रज्ञ आपल्याला हवे ते कॅलिपरकडून वदवून घेत होते, त्या काळात एवढेच करणे हे फार मोठे काम होते.

आता या कवट्यांचा आणि जुळ्यांचा एक जवळचा संबंध आहे. कवटीच्या दोन बाजू म्हणजे एका अर्थाने एकाच देहात वाढलेली एकबीज जुळीच होत. दोन्ही बाजूंची जनुके तीच, गर्भाशय तेच, अन्न तेच, आईवडील तेच. आणि तरीही उजवे डाव्यासारखे होत नाही. आनुवंशिकता समान असूनही घडण वेगळी होऊ शकते, याचा पुरावा प्रत्येक माणूस आपल्या खांद्यावर घेऊन हिंडत असतो. काही एकबीज जुळ्यांत तर हे अक्षरशः दिसते. एकाच्या डोक्यावरचा भोवरा उजवीकडे तर दुसऱ्याचा डावीकडे, एक उजवखोरा तर दुसरा डावखोरा, अशी ती आरशातील प्रतिबिंबांसारखी असतात.

एकबीज जुळ्यांचे गर्भाशय तरी एकच असते का? वरवर पाहता एकच. पण बीजाचे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले तर दोन्ही गर्भांना स्वतंत्र वार मिळते. त्यानंतर झाले तर बहुधा एकाच वारेवर दोघांचे पोषण होते, आणि सुमारे दोनतृतीयांश एकबीज जुळ्यांची स्थिती अशीच असते. सामाईक वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने कधी एका गर्भाकडून दुसऱ्याकडे अधिक रक्त जाते. मग एक अशक्त राहतो आणि दुसऱ्याच्या हृदयावर ताण पडतो. म्हणजे जन्मापूर्वीच एका घरात दोन परिस्थिती निर्माण झालेल्या असतात. बोटांच्या ठशांचेही तसेच. ठशांची ढोबळ ठेवण आनुवंशिक असली, तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रेषा उमटताना गर्भाची हालचाल, दाब आणि वाढीचा वेग यांनी तपशील ठरतो. कारखान्याच्या दारावर हजेरीसाठी अंगठा लावण्याचे जे यंत्र असते ते एकबीज जुळ्या भावांनाही वेगळे ओळखते, ते यामुळेच. नेहमीच्या डीएनए चाचणीला जे जमत नाही, ते या साध्या यंत्राला जमते.

इरावतीबाई पदवी घेऊन मायदेशी परतल्या आणि थोड्याच काळात त्या संस्थेचे रूप पालटले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा त्याच वर्षी झाला आणि डालेमच्या शास्त्रज्ञांनी त्याला विद्वत्तेचे पाठबळ दिले. १९४२ मध्ये फिशर निवृत्त झाले व फेर्शुअर संचालक झाले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले १९४३ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत दाखल झाला. तेथे आलेल्या कैद्यांतून जुळी मुले निवडून त्याने त्यांच्यावर जे प्रयोग केले त्यांचे वर्णन करण्यास लेखणी धजत नाही. त्या छावणीतून मानवी देहांचे नमुने डालेमला अभ्यासासाठी जात होते. युद्धानंतर फेर्शुअर यांना जर्मनीतच पुन्हा प्राध्यापकपद मिळाले, ही आणखी एक बोचरी गोष्ट. जुळ्यांचे शास्त्र वाईट नव्हते. पण जन्मानेच माणसाची किंमत ठरते असे आधी ठरवून मग ज्यांनी शास्त्र हाती घेतले, त्यांना माणसाचे रूपांतर नमुन्यात करण्यास फार वेळ लागला नाही.

इकडे इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ या काळात मुंबईस महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले आणि १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. पुढील तीन दशके हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. कपाळाला कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, पतीला एकेरी नावाने हाक, आणि रस्त्यावरून स्वतः स्कूटर चालवत जाणे, हे पाहून त्या काळचे पुणे थक्क होत असे. आकुर्डीची स्कूटर घरोघर पोचण्याला अजून अवकाश होता. बाई मात्र विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन खेडोपाडी, डोंगरांत, वाड्यावस्त्यांवर जात, लोकांची मापे घेत, रक्तगट तपासत, नात्यागोत्यांची नावे टिपून घेत. वि. म. दांडेकर यांच्यासमवेत महाराष्ट्रातील मापांचा ग्रंथ त्यांनी १९५१ मध्ये सिद्ध केला. १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ आला आणि त्याने त्यांना जगभर मान्यता मिळवून दिली.

याच कामातून त्यांचा दुसऱ्या गुरूशीही मतभेद झाला. एका मूळ समाजाची शकले होत होत जाती बनल्या, अशी घुर्ये यांची मांडणी होती. इरावतीबाईंचे मत उलटे पडले. निरनिराळे, मुळातच वेगळे असलेले समूह एकमेकांशेजारी येऊन एका व्यवस्थेत बसले, असे त्यांना दिसले. कैलास मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी महाराष्ट्रातील एकाच वर्णाच्या आठ अंतर्विवाही जातींची शारीरिक तुलना केली. या सर्व जाती स्वतःला ब्राह्मण म्हणवणाऱ्या. पण त्यांच्या देहांची मापे आणि रक्ताचे गुणधर्म त्यांना एका कुळाचे ठरवीत नव्हते. एकबीज जुळ्यांत घडण सारखी असून आयुष्ये वेगळी निघतात. येथे नाव एक असून घडण वेगळी निघाली. दोन्ही बाजूंनी धडा एकच : नावावरून माणूस ओळखू जाऊ नये.

इरावतीबाईंना देव्हाऱ्यात बसवण्याचा येथे हेतू नाही. त्यांना स्वतःलाही ते आवडले नसते. डालेमचा कॅलिपर त्यांनी अखेरपर्यंत खाली ठेवला नाही. जातीला त्या विस्तारलेले नातेकुळ मानत आणि म्हणून तिला देहाच्या मापांनी तपासता येते असे समजत. जातीतील अन्यायापेक्षा तिच्या रचनेकडेच त्यांचे लक्ष अधिक राहिले, हा आक्षेपही निराधार म्हणता येणार नाही. परंतु ज्या आयुधाने इतरांनी उतरंडी उभ्या केल्या, त्याच आयुधाने त्या उतरंडीचा पाया पोकळ असल्याचे त्यांनी दोनदा दाखवले, एकदा बर्लिनला आणि एकदा घरी, हे मान्य करावेच लागेल. युगान्तमधील कर्णाचे चित्रही याच प्रश्नाभोवती फिरते. कुळ एक, संगोपन दुसरे, आणि आपण कोण हे न उमगलेला एक मोठा माणूस.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई निवर्तल्या. त्यानंतर जुळ्यांचे शास्त्र फार पुढे गेले. २००५ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी एकबीज जुळ्यांच्या चाळीस जोड्या तपासल्या. जनुके तीच असली तरी ती चालू वा बंद ठेवणाऱ्या रासायनिक खुणा वयाबरोबर दोघांत वेगळ्या होत जातात, आणि ज्यांची आयुष्ये अधिक वेगळी गेली त्यांच्यात हा फरक अधिक असतो, असे त्यांना आढळले. २०२१ मध्ये आइसलंडमधील संशोधकांनी तर याही पुढचे दाखवले. विभाजनाच्या सुमारास होणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे एकबीज जुळ्यांच्या जनुकसंहितेतच सरासरीने पाच ठिकाणी फरक असतो. म्हणजे हुबेहूब म्हणून ज्यांचा दाखला द्यावा, ती जुळीदेखील टॉलरन्सच्या मर्यादेतच सारखी!

याचा अर्थ आनुवंशिकता खोटी आहे असा नव्हे. उंची, चेहरा, अनेक रोगांचा कल यांत तिचा वाटा मोठा आहे आणि तो जुळ्यांच्या अभ्यासानेच कळला. पण हा वाटा एका समाजातील, एका परिस्थितीतील माणसामाणसांमधल्या फरकाचा असतो. सर्वांना पोटभर अन्न असलेल्या गावात उंचीतील फरक बहुतांशी आनुवंशिक ठरेल. अर्धे उपाशी असलेल्या गावात तोच फरक भाकरीचा ठरेल. दोन गावांमधील फरकाचे कारण मात्र या आकड्यातून निघत नाही. जनुकांच्या नावाने जातींची आणि प्रांतांची प्रतवारी लावणारे ही साधी गोष्ट नजरेआड करतात.

बाई गेल्या त्याच १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका स्थापन झाली. कधीकाळी मोरया गोसावींच्या समाधीसाठी ओळखला जाणारा हा परिसर. तेथे १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, मागोमाग मोटारी आणि स्कूटरी आल्या, आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. २००९ पासून तर चाकणमध्ये जर्मन मोटारीही बनू लागल्या. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. ही माणसे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आली. शेतकऱ्याचा मुलगा येथे यंत्रमानव चालवतो आणि मजुराची मुलगी तपासणीच्या टेबलावर बसते. कुळाने ठरवून दिलेले आयुष्य माणूस ओलांडतो याचा एवढा मोठा पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. तरीही खोली भाड्याने देताना आडनाव विचारले जाते, मुलगी देताना जात पाहिली जाते, आणि कंत्राटी कामगार निवडताना प्रांत पाहून अंदाज बांधले जातात.

सुटा भाग हाती घेतल्यावर तो कोणत्या साच्यातून आला एवढ्यावर विसंबून तो पास किंवा नापास करणारा तपासनीस दुसऱ्या दिवशी कामावर राहणार नाही. प्रत्येक भाग हातात घ्यावा, मोजावा आणि जे निघेल ते लिहावे, हीच त्याची नोकरी. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनला गेलेल्या एका मराठी मुलीने कवट्यांच्या बाबतीत तेच केले. लोखंडाच्या तुकड्याला आपण जो न्याय देतो, तो माणसाला नाकारण्याचे आपल्याला काय कारण आहे?